आजोबांच्या पेटीतलं काडतुसं भरायचं यंत्र: कुठला भाग कशाचा?

सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत बाराबोअरची दुनळी असणं फार नवलाचं नव्हतं. पाटण, जावळी, शिराळा या डोंगरपट्ट्यात डुकरांपासून पीक राखायला परवान्यावर बंदूक असायची, संस्थानी वाड्यांत ती शिकारीसाठी असायची. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार बंद झाली आणि बऱ्याच घरांत बंदूक खंडेनवमीच्या पूजेपुरती उरली. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पोलिस ठाण्यात जमा व्हायची, निकालानंतर परत यायची. म्हणजे बंदुकीची नोंद कुठे ना कुठे होत राहिली. तिच्या जोडीची लाकडी पेटी मात्र माळ्यावर तशीच राहिली, आणि आता वाडा उतरवताना ती नातवंडांच्या हाती लागते.

पेटीत पितळी मापं असतात, एखादा खरादलेला लाकडी दांडा, एक पोकळ गोल छिन्नी, टेबलाच्या कडेला शेवयांच्या यंत्रासारखं आवळायचं एक हँडलवालं अवजार. कुणाचा मुलगा किंवा मामा परदेशातून परतलेला असेल तर खांब, लांब दांडा आणि वर दोन बाटल्या असलेला अमेरिकी प्रेसही निघतो. हे सगळं काडतुसं पुन्हा भरायचं सामान. त्यातला कुठला भाग कशाचा, हे ओळखता यावं एवढ्यासाठी हा लेख आहे. भरायचं कसं, किती भरायचं, हे यात नाही, आणि ते का नाही हे आधी सांगायला हवं.

आपल्याकडच्या शस्त्र कायद्यात, म्हणजे 1959 च्या कायद्यात, दारूगोळ्याची व्याख्या फार रुंद आहे. काडतुसाचे सुटे भाग तर तिच्यात येतातच, पण दारूगोळा तयार करायची यंत्रसामग्रीसुद्धा त्याच व्याख्येत बसवलेली आहे. त्यामुळे माळ्यावरचा प्रेस ही कायद्याच्या नजरेत साधी जुनी मोडकी वस्तू नाही. बंदुकीच्या परवान्यावर काडतुसं बाळगायची मर्यादा लिहिलेली असते, ती तयार करायची मुभा त्यात नसते. त्याला कलम 5 खाली वेगळा परवाना लागतो. परवानाधारक वारला असेल तर कलम 21 प्रमाणे त्याची शस्त्रं आणि दारूगोळा विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचा असतो. वारसांचे अर्ज त्यानंतर. पेटी सापडली की पहिल्यांदा ठाण्यात लेखी कळवा आणि पोच घ्या. भाग ओळखायचं काम फोटोंवरूनही होतं, त्यासाठी पेटी घरात ठेवून घ्यायची गरज नाही. जुनी वस्तू म्हणून ऑनलाइन विकायला काढणं तर अजिबात नको.

दुसरी गोष्ट कायद्यापेक्षाही तातडीची. पेटीत पत्र्याचा डबा, कागदी पुडी किंवा छोट्या टोप्यांची डबी दिसली तर हात मागे घ्या. टोपी म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसणारी ठिणगीची कॅप. दारू जुनी झाली की निकामी होते असं पुष्कळ जण धरून चालतात, आणि ते धोक्याचं आहे. काळी दारू कोरडी राहिली तर कितीही वर्षांनी पेट घेते. धूरविरहित दारू जुनी झाली की कुजते, तिला आंबूस उग्र वास येतो, कधी तांबूस वाफ दिसते, आणि अशी दारू आपल्याआपण पेटू शकते. टोपी तर दाबानेच फुटते. म्हणून प्रेसचा दांडा ‘चालतो का बघू’ म्हणून ओढू नका, कारण एखादी टोपी आत बसायच्या जागी तशीच राहिलेली असू शकते. तेलात बुडवली की टोपी मरते यावरही विसंबू नका. लहान मुलांना लांब ठेवा, ठाण्यात फोन करा, पुढचं ते बघतील.

आता ओळखण्याकडे येऊ. सुटा भाग हातात धरून कितीही निरखला तरी तो बोलत नाही. काडतूस रिकामं आल्यापासून भरून तोंड बंद होईपर्यंत त्याच्यावर काय काय कामं होतात, ती ओळीनं डोक्यात ठेवायची आणि मग हा भाग त्यातल्या कुठल्या कामाचा, असं विचारायचं. मी यंत्रांच्या कामात आयुष्य काढलं. कुठलंही अनोळखी यंत्र समजून घ्यायचा याहून सरळ रस्ता मला माहीत नाही.

छर्ऱ्याचं काडतूस म्हणजे पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची नळी आणि तिला बुडाशी पितळी वाटी. वाटीच्या मधोमध टोपी. नळीत खाली दारू, तिच्यावर पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, जाड डट्टा, मग छर्रे, आणि वरून तोंड बंद. पुढे प्लास्टिकचं एकच अखंड वॅड आलं आणि चकती-नमद्याचं काम त्यानं घेतलं. जुन्या पद्धतीत छर्ऱ्यांवर एक पातळ चकती ठेवून नळीची कड आत गोल वळवायचे. नंतरच्या पद्धतीत, जी दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली, नळीचं तोंडच सहा किंवा आठ घड्या घालून मिटतात. तोंड बंद करायचं अवजार यांपैकी कुठल्या पद्धतीचं आहे, एवढ्यावरूनच सामानाची पिढी कळते.

वापरलेल्या काडतुसावर कामं होतात ती अशी: जुनी टोपी काढणं, फुगलेली पितळी वाटी पुन्हा मापात आणणं, नवी टोपी बसवणं, दारू, डट्टा, छर्रे, आणि शेवटी तोंड.

इंग्रज अमदानीतली पेटी असेल तर तिच्यात या प्रत्येक कामाचं वेगळं हत्यार सापडतं. शेफील्डच्या जेम्स डिक्सन अँड सन्स किंवा जी. अँड जे. डब्ल्यू. हॉक्सली यांची नावं त्यांच्यावर कोरलेली आढळतात. टोपी काढायचं हत्यार म्हणजे एक बारीक पोलादी सुळा, तो काडतुसाच्या आतून घालून टोपी बाहेर ढकलायची. कधी तो पितळी ठोकळ्यावर असतो, कधी अडकित्त्यासारख्या दोन दांड्यांच्या हत्याराला, आणि त्याच हत्याराचं दुसरं टोक नवी टोपी दाबायला असतं. पेटीत आकडी किंवा टोकदार नखी असलेलं हत्यार निघालं तर ते बर्डन जातीच्या टोपीसाठी. रिकाम्या पितळी काडतुसात टॉर्च मारून बघा. बुडाशी मधोमध एकच भोक असेल तर टोपी आतून ढकलता येते. मध्याच्या बाजूंना दोन बारीक भोकं असतील तर मधे ऐरणीचा उंचवटा असतो, सुळा तिथं चालत नाही, टोपी बाहेरून उचकटावी लागते. मात्र टॉर्च मारण्याआधी काडतूस उलटं धरून टोपी पाहा. मधोमध खड्डा पडलेला असेल तर ती बहुधा उडालेली. गुळगुळीत असेल तर ती जिवंत समजायची आणि काडतूस खाली ठेवायचं.

लाकडी दांडा हा ठासणीचा. दारूवर चकती आणि डट्टा समान दाबायला तो वापरत. तो बॉक्सवुडसारख्या घट्ट लाकडाचा, गुळगुळीत खरादलेला असतो. मुद्दाम लाकडाचा, म्हणजे दारूजवळ ठिणगी नको.

पोकळ गोल छिन्नी म्हणजे डट्टे पाडायचा पंच. नमद्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ठेवून वर हातोडा मारला की चकती पडते. इथं एक गोष्ट लोकांना चकवते. घरात बंदूक बाराबोअर आणि पंचावर मात्र 11 किंवा 10 चा आकडा. पंच दुसऱ्या बंदुकीचा असावा असं वाटतं, पण तसं नसतं. पूर्ण पितळी काडतुसाची भिंत पुठ्ठ्याच्या नळीपेक्षा पातळ असते, म्हणून आतली पोकळी मोठी, आणि तिच्यात घट्ट बसायला चकती एक-दोन आकडे मोठी लागते. बोअरचा आकडा लहान तेवढी नळी मोठी: एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बाराबोअर, सोळा केल्या तर सोळाबोअर. मोजून पाहिलं तर बाराची नळी आतून साधारण साडेअठरा मिलिमीटर भरते.

आता मापाकडे या, कारण सगळ्या पेटीत माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत धोक्याची वस्तू तीच आहे. पितळेची छोटी वाटी, तिला लाकडी मूठ, आणि वाटीचा तळ सरकवून कमीजास्त करता येतो. काही मापांना दोन्ही टोकांना वाट्या असतात. भिंगातून पाहिलं तर एका बाजूला बारीक रेघा आणि डीआरएस ही अक्षरं, दुसऱ्या बाजूला ओझेड. पहिली बाजू दारूची, ड्रॅममध्ये. दुसरी छर्ऱ्यांची, औंसात. सोळा ड्रॅमचा एक औंस, औंस म्हणजे 28.35 ग्रॅम, तेव्हा एक ड्रॅम पावणेदोन ग्रॅमच्या जरा वर जातो. पण मापावरचा ड्रॅम हा वजनाचा वाटला तरी प्रत्यक्षात तो आकार आहे: तेवढ्या वजनाची काळी दारू जितकी जागा व्यापते तितका. आजची धूरविरहित दारू त्याहून कितीतरी जोरकस असते. त्याच रेघेपर्यंत ती भरली तर बंदुकीची नळी फुटून हाताची बोटं जातात. घरातल्या कुणा उत्साही माणसानं ‘आजोबा याच मापानं भरायचे’ म्हणून ते उचलू नये, यासाठी मापाला बांधायच्या चिठ्ठीवर ‘काळ्या दारूचं माप’ असं ठळक लिहा.

टेबलाला आवळायचं हँडलवालं अवजार हे तोंड वळवायचं, इंग्रजीत रोल टर्नओव्हर. चौकटीच्या एका बाजूला हँडलनं फिरणारं डोकं, समोर दट्ट्या. काडतूस मधे ठेवायचं, दट्ट्यानं डोक्याकडे रेटायचं आणि हँडल फिरवायचं. डोकं उजेडाकडे धरून आत पाहा. वाटीसारखा खोलगट भाग, त्याच्या कडेनं गोल पन्हळ आणि एक-दोन बारीक खिळ्या दिसतील. नळीची कड या खिळ्यांना घासत गरम होते, मऊ पडते आणि पन्हळीच्या वळणानं आत गुंडाळते. पन्हळ आरशासारखी चकचकीत असेल आणि खिळ्यांवर एका अंगानं चपट घासलेली जागा असेल तर हे अवजार भरपूर वापरलेलं आहे. बोअरचा आकडा, 12, 16 किंवा 20, बहुधा चौकटीवर ठोकलेला असतो. याच पेटीत वर आकडे छापलेल्या पातळ चकत्या निघतात. त्यावरचा 4, 5, 6 हा छर्ऱ्यांचा नंबर: नंबर जितका मोठा तितके छर्रे बारीक. इंग्रजी मापात 6 नंबरचे औंसाला 270 भरतात. मोठ्या दाण्यांना एलजी, एसजी म्हणत. ही नावं पाटण-शिराळ्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तुम्ही ऐकलीही असतील.

तीन भोकांची एक चपटी पट्टी किंवा कडी निघाली तर ती भरायच्या कामाची नाही. पावसाळ्यात पुठ्ठ्याचं काडतूस फुगून नळीत अडकायचं, ते ओढून काढायची ती कडी.

अमेरिकी प्रेसचं रूप वेगळं, पण कामं तीच. फरक इतकाच की सगळी हत्यारं एका खांबाभोवती बसवलेली आहेत आणि एकच दांडा सगळ्यांना दाब देतो. घरी छर्ऱ्याची काडतुसं भरणारे तिथं खूप, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्यासाठी हे प्रेस निघाले. विस्कॉन्सिनमधल्या मेव्हिल गावची मेक ही त्यातली मोठी कंपनी, तिचा 600 ज्युनियर घरोघरी गेलेला. रिचर्ड ली यांनी 1958 मध्ये हातानं वापरायचा छोटा संच काढला. पॅसिफिक नावाची कंपनी 1971 मध्ये हॉर्नडीनं घेतली. त्यामुळे एकाच जातीच्या यंत्रावर दोन वेगळी नावं दिसू शकतात.

प्रेससमोर बसून काडतुसाच्या वाटेनं जा. जिथं मधून सुळा उतरतो आणि खाली भोक असून त्याखाली कप किंवा खण आहे, ती टोपी काढायची जागा. सुळ्याभोवतीची जाड, कडक पोलादी नळी किंवा कडी ही वाटी मापात आणायची डाय. तिच्यावर कानस हलकेच लावली तर कानस घसरते, कारण ती पाणी दिलेली असते. तळाशी स्प्रिंगवर दबणारी छोटी बैठक असेल तर ती नव्या टोपीची जागा. इथंच जिवंत टोपी राहून गेलेली असण्याची भीती जास्त, म्हणून ही स्प्रिंग बोटानं दाबून पाहू नका.

वरच्या दोन बाटल्यांतली एक दारूची, एक छर्ऱ्यांची. त्यांच्याखाली आडवी सरकणारी पट्टी हा चार्ज बार. नीट पाहावा असा भाग हाच. तो बाहेर काढलेला असेल तर त्यात दोन भोकं दिसतील. मेकच्या बारमध्ये छर्ऱ्यांचं भोक पक्कं असतं आणि बारवर आकडा ठोकलेला असतो. दारूच्या भोकात मात्र एक सुटी कडी बसते, बुशिंग, तिच्यावर वेगळा आकडा. इतर काही कंपन्यांच्या बारमध्ये दोन्ही बुशिंग सुटी असतात. बुशिंगवरच्या आकड्याला वजन समजू नका. तो कंपनीच्या तक्त्यातला क्रमांक असतो, आणि त्याच कडीतून एका जातीची दारू जितकी पडते तितकी दुसऱ्या जातीची पडत नाही. बारखालून निघणारी लांब नळी म्हणजे काडतुसात माल सोडायची आणि डट्टा दाबायचीही नळी. तिच्या तोंडाशी पाकळ्यांसारखी लवचीक बोटं असतात, त्यांच्यातून डट्टा सरळ आत जातो. प्लास्टिकची ही बोटं आधी पिवळी पडतात, मग तडकतात, आणि बहुतेक जुन्या प्रेसमध्ये नेमकी हीच गायब असतात.

शेवटच्या दोन जागा तोंडाच्या. पहिल्या डोक्यात आतून उभ्या कडा असतात. त्या मोजा. सहा असतील तर सहा घड्यांचं काडतूस, आठ असतील तर आठ. एका प्रेसबरोबर दोन्ही डोकी मिळणं नेहमीचं आहे, त्यातलं एक दुसऱ्या यंत्राचं असेल असं समजून फेकू नका. दुसरं डोकं आतून जवळजवळ गुळगुळीत, ते घड्या पुरत्या मिटवतं. काडतूस या सगळ्या जागांवरून हातानं फिरवावं लागत असेल तर प्रेस साधा. तळाशी भोकांची गोल तबकडी असून दांड्याच्या प्रत्येक ओढीला ती एक घर पुढे सरकत असेल, तर तो एकाच ओढीत सगळ्या जागांवर काम करणारा. अशा यंत्रात तबकडी सरकवणारा छोटा कुत्रा, म्हणजे तिला पुढे ढकलणारी खिटी, आणि त्याची स्प्रिंग हे सहज हरवणारे भाग.

बोअर ठरवायला व्हर्निअर पुरतो. काडतुसाच्या बुडाची कड जिथं बसते त्या खोबणीचं माप घ्या. बाराच्या कडेचा व्यास साधारण साडेबावीस मिलिमीटर, सोळाचा पावणेएकवीसच्या आसपास, विसाचा साडेएकोणीस. खोबणी त्याहून किंचित मोठी असणार.

यंत्र कुठलं आणि कधीचं, हे सांगलीच्या किंवा पलूसच्या कुठल्याही लेथवाल्याला आट्यांवरून सांगता येईल. जुना इंग्रजी माल व्हिटवर्थ आट्यांचा, आट्याचा कोन 55 अंश. अमेरिकी आटा 60 अंशांचा. पिच गेज लावलं की काही क्षणांत कळतं, आणि चुकीचा बोल्ट आवळून आटे मारायची वेळही टळते. अमेरिकी यंत्रावर पेटंटचा आकडा असेल तर आणखी सोपं: वीस लाखावं पेटंट 1935 मध्ये निघालं, तीस लाखावं 1961 मध्ये, चाळीस लाखावं 1976 मध्ये. पत्त्यात राज्याच्या नावापुढे पाच आकडी झिप कोड असेल तर ती पट्टी 1963 च्या आधीची नाही. मात्र पेटंटचा आकडा यंत्राची अलीकडची मर्यादा सांगत नाही, पेटंट निघाल्यावरही वर्षानुवर्षं तेच मॉडेल विकलं जातं.

ही खुणांची माहिती टिकवायची असेल तर साफसफाईत संयम लागतो. पितांबरी आणि घासणी घेऊन पितळ लख्ख करायची आपल्याला सवय, पण तशानं कोरलेल्या रेघा पुसल्या जातात. मऊ कापड आणि थोडं मशीन ऑइल एवढंच, आणि तेही पेटीत दारू-टोपी नाही हे पोलिसांनी पाहून गेल्यावर. छर्ऱ्यांच्या बाटलीत पांढरट भुकटी असेल तर ती शिशाची, विषारी. ती फुंकू नका, कोरड्या ब्रशनं झाडू नका, हातमोजे घालून ओल्या कपड्यानं टिपा, आणि हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर करू नका. तुटलेला भाग वेल्डिंगला नेण्याआधी त्याचं वजन आणि मोडलेली कड बघा. बीड असेल तर कड करडी, खरखरीत. पुष्कळ प्रेसचे जोड मात्र जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात, ते वेल्डिंगच्या आचेला पाघळतात आणि होता तो तुकडाही जातो.

गायब भाग लेथवर करून घ्यायचा मोह आपल्या भागात होणारच, कारण करून देणारे हात इथं गल्लोगल्ली आहेत. तो टाळा. अपुरं यंत्र पुरं करणं म्हणजे कायद्यानं दारूगोळ्याचं यंत्र चालू स्थितीत आणणं, आणि ते विनापरवाना होत नाही. ओळख पटवायला भाग असावाच लागतो असंही नाही, त्याची रिकामी जागा पुरते. प्रत्येक सुटा तुकडा वेगळ्या पिशवीत घाला, मोजपट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंनी फोटो काढा, आणि चिठ्ठीवर चारच गोष्टी लिहा: काम कुठलं, बोअर किती, त्यावरचे आकडे-अक्षरं जशीच्या तशी, आणि शेजारचा कुठला भाग हरवलेला आहे. या चिठ्ठ्यांची एक प्रत पोलिसांना दिलेल्या यादीला जोडा.